रंग कुठे पळतो?

नाशिकच्या मेन रोडवरच्या एका चादरींच्या दुकानात परवा संध्याकाळी एक आजी आणि त्यांचा नातू बसले होते. दुकानदार एकेक चादर झटकून उलगडत होता, आजी कापड चिमटीत धरून चोळून बघत होत्या, आणि तिसरी-चौथीतला तो नातू शिवणीत अडकवलेली बोटभर पांढरी पट्टी वाचण्यात गुंग होता. इंग्रजी माध्यमातली मुलं वाचतात तसं त्यानं मोठ्यानं वाचलं, 'कलर्स मे रन.' आणि लगोलग त्याचं मराठीही करून टाकलं, 'आजी, ह्याचे रंग पळू शकतात!' दुकानदार हसला. 'पळत नाही रे बाळा, रंग जातो. आणि ह्याचा तर जातही नाही. गॅरंटी.' पोरगं पट्टी सोडायला तयार नव्हतं. 'पण कुठे जातो?' नव्या कापडाचा खळीचा वास, बाहेर रिक्षांचा गलका, पुढ्यात लालभडक आणि काळपट निळ्या चादरींचा ढीग. दुकानदारानं पुढची चादर उलगडली. उत्तर काही मिळालं नाही.

प्रश्न मात्र रास्त होता.

पट्टी लिहिणाऱ्यानं 'रन' लिहिलं आणि तो मोकळा झाला. कापड हाताळणाऱ्या मराठी माणसाला तसं एका शब्दात सुटता येत नाही. बादलीतलं पाणी रंगीत झालं की रंग 'सुटला'. दहा धुण्यांनंतर चादर विटली की रंग 'गेला'. तिच्यासोबत भिजवलेल्या पांढऱ्या बनियनवर गुलाबी झाक आली की रंग 'लागला'. चादरीतल्याच लाल फुलाची कड शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यात उतरली की रंग 'पसरला'. ह्या चार वेगळ्या तक्रारी आहेत, आणि सगळ्या बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सुरू होतात. सुती कापडाला आता बरेचदा रिॲक्टिव्ह जातीचे रंग देतात. रंगाच्या कुंडात मीठ घातलं की रंग पाणी सोडून धाग्याकडे सरकतो, आणि मग धुण्याचा सोडा घातला की तो धाग्याशी गाठ मारतो. पण सगळाच रंग गाठ मारत नाही. काही भाग पाण्याशीच संधान बांधून बसतो आणि धाग्याला नुसता चिकटून राहतो. हा उपरा रंग कारखान्यातच गरम साबणाच्या पाण्यात खळखळून काढून टाकायचा असतो. त्या धुण्याला पाणी, वाफ आणि वेळ तिन्ही खर्ची पडतात, म्हणून काटकसर नेमकी तिथेच होते आणि राहिलेलं धुणं आपल्या मोरीत येतं. घरी मिठाच्या पाण्यात चादर भिजवून रंग पक्का करण्याचा उपाय पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. त्यानं काही होत नाही. मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं ते रंगवताना, आणि गाठ मारण्याचं काम तर मिठाचं नव्हेच. उपयोग होतो तो एवढ्याचाच: पहिली दोन-तीन धुणी गार पाण्यात, चादर एकटी, भिजत न ठेवता, आणि पिळून झाल्यावर ओला बोळा बादलीत पडून राहू द्यायचा नाही. ओल्या घडीत रंगाला पसरायला सवडच सवड मिळते.

म्हणजे रंग पळत नाही हे दुकानदाराचं म्हणणं खरं. तो पाण्याबरोबर जातो. मग इंग्रजीनं त्याला पळायला का लावलं?

ह्या 'रन'चा पसारा एवढा आहे की कोशकारांनाही घाम फुटला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत आली तेव्हा त्यात सगळ्यात लांब नोंद 'सेट' ह्या क्रियापदाची होती. पुढच्या आवृत्तीसाठी 'रन' हातात घेतलं ते पीटर गिलिव्हर ह्या कोशकारानं. त्याचे नऊ महिने त्या एका शब्दात गेले आणि नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. आकडा बघून धडकी भरते, पण त्याच्यामागचा धागा फार गुंत्याचा नाही. आपण शाळेत 'रन म्हणजे पळणे' असं पाठ करतो आणि डोळ्यांपुढे दोन पाय येतात. सगळी अडचण त्या पायांची आहे. जुन्या इंग्रजीत 'रिन्नान' असं क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ पळणे होता तसाच वाहणेही होता. जर्मनमध्ये त्याचं भावंड 'रिनेन' अजून आहे. ते फक्त पाण्यासारख्या पदार्थासाठी वापरतात, झिरपणे, ओघळणे ह्या अर्थानं. पाय बाजूला ठेवून 'एका ओघात पुढे जात राहणे' एवढंच मनात धरलं की नळ, नाक, रंग, नदी, रस्ता, नाटकाचे प्रयोग, करार, सगळे आपापल्या जागी बसायला लागतात. घाटातला रस्ता 'रन' होतो तेव्हा तो कुठेही जात नसतो, नजर त्याच्यावरून ओघळत जाते. भाडेकरार अकरा महिने 'रन' होतो. अंगातला एखादा गुण घराण्यात 'रन' होतो, म्हणजे आजोबांकडून बापाकडे आणि बापाकडून लेकाकडे उतरत येतो. आपणही 'उतरतो' म्हणतो, पाण्यासारखंच.

आणि आपल्याकडे तरी पाय आणि पाणी कुठे फार लांब होते? संस्कृत धातुपाठात 'धावु गतिशुद्ध्योः' अशी नोंद आहे. धाव् म्हणजे गती आणि धाव् म्हणजे शुद्धीही. धावणे त्यातूनच आलं आणि 'धौत' म्हणजे धुतलेलं हेही त्यातलंच. एकाच धातूत धावणं आणि धुणं. चादरीच्या त्या पट्टीला धातुपाठाचा आधार निघावा ही गंमतच आहे.

पण मराठीनं पुढे ही कामं वाटून टाकली. पाण्याला 'वाहणे' दिलं, आणि तेही असं की एका शब्दात जाणं आणि नेणं दोन्ही मावलं. रामकुंडावर सकाळी उभं राहिलं की हे फार स्वच्छ दिसतं. माणूस नदीला फुलं वाहतो, नदी वाहत असते, आणि ती फुलं वाहून नेते. तीन वेळा तोच शब्द, तीन वेगळे अर्थ, आणि ऐकणाऱ्याला कुठे अडखळायला होत नाही. इंग्रजीत गोदावरी त्र्यंबकेश्वरापासून समुद्रापर्यंत १४६५ किलोमीटर 'रन' होते. नाशिकच्या माणसाला ते वाक्य कोरडं वाटेल, कारण त्याच्या लेखी नदी येते, चढते, उतरते, लागते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की लोक आकडे विचारत नाहीत, 'दुतोंड्या मारुतीच्या कुठवर लागलं?' असं विचारतात. हा मारुती नदीच्या पात्रातच उभा आहे. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. पाण्याचा वेग त्यात कुठेच येत नाही. पाणी कुणाला स्पर्श करून गेलं ते येतं.

पाणी सोडून बाकीचा मोठा वाटा 'चालणे'कडे आला. इंग्रजी जिथे जिथे यंत्राला, धंद्याला, संस्थेला पळवते, तिथे मराठी त्यांना सावकाश चालवते. घड्याळ चालतं, पंखा चालतो, दुकान चालतं, मालेगावचे माग चालतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तिन्ही पाळ्या चालतात. पेन चालतं, डोकं चालतं, काहींचं तोंड फारच चालतं. इथे भाषांतर करणाऱ्यांची एक नेहमीची चूक होते, ती अर्थाची नसून घडणीची असते. इंग्रजीत 'द शॉप रन्स' आणि 'शी रन्स द शॉप' ह्या दोन्हींत क्रियापद तेच. मराठीत दुकान चालतं आणि ती दुकान चालवते. चालणारा एक, चालवणारा दुसरा. 'रन'नंतर लगेच नाम आलं, मध्ये कुठलंही शब्दयोगी अव्ययासारखं शेपूट नाही, की बहुतेक वेळा 'चालवणे' समजावं. शाळा चालवणे, घर चालवणे, शिबिर चालवणे. चाचणी असेल तर 'घेणे', आणि आंघोळीचं पाणी असेल तर 'सोडणे' किंवा 'काढणे'. हा चालणे-चालवणे भेद इंग्रजीतही एके काळी होता. 'रिन्नान' म्हणजे स्वतः धावणे आणि 'ॲर्नान' म्हणजे धावायला लावणे, घोडा दौडवणे. पुढे दोन्ही एकाच 'रन'मध्ये विरघळले. मूळ क्रियापदातला स्वरही गेला. 'रन' हे रूप वर्तमानकाळात आलं ते भूतकाळी धातुसाधिताकडून. म्हणूनच ते वर्तमानात 'रन', भूतकाळात 'रॅन' आणि 'हॅव'नंतर पुन्हा 'रन' असं फिरून मूळ घरी आल्यासारखं दिसतं. 'हॅज रॅन' ही चूक त्या घरवापसीचा विश्वास न बसल्यानं होते.

चालण्याचा सगळ्यात बोलका नमुना मात्र नाशिकरोडला आहे. तिथल्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. 'करन्सी' हा शब्द लॅटिन 'कुर्रेरे'वरून येतो, म्हणजे धावणे. करंट, कोर्स, कुरियर, कॉरिडॉर, संगणकाच्या पडद्यावर लुकलुकणारा कर्सर, ही सगळी त्याच 'कुर्रेरे'ची लेकरं. आणि मराठीत त्याच नोटेला आपण 'चलन' म्हणतो, चल् धातूवरून. तिकडे पैसा धावतो, इकडे चालतो. दोघांनीही कागदाला पाय दिले, फक्त वेग वेगळा ठेवला. हे व्याकरण किती खरं आहे ते ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री सगळ्यांना कळलं. पाचशे आणि हजारच्या नोटांबद्दल त्या रात्री घराघरात एकच वाक्य होतं, 'आता ह्या चालणार नाहीत.' नोट तीच, कागद तोच, सह्या त्याच. चालणं तेवढं थांबलं होतं. इंग्रजीत त्याला जो काही कायदेशीर शब्द असेल तो असो. भाजीवालीनं फाटकी नोट परत करताना म्हटलेलं 'ही नाही चालायची, दादा' हे चलनाचं सगळ्यात नेमकं अर्थशास्त्र आहे.

आणि 'चालेल'?

त्याला इंग्रजी 'रन'मध्ये जागाच नाही. ६४५ अर्थांत हे आपलं 'चालेल' बसत नाही. चहात साखर कमी आहे, चालेल. गाडी अर्धा तास उशिरा आहे, चालेल. मुलगा थोडा सावळा आहे, चालेल. मान्यता, तडजोड, थोडी नाराजी आणि थोडा मोठेपणा एवढं सगळं त्या एका शब्दात घालून मराठी माणूस मान डोलावतो. ह्याचं इंग्रजी करायला बसलं की 'डू' हे दुसरंच क्रियापद उसनं आणावं लागतं, आणि तरी ती नाराजी त्यात उतरत नाही.

उरलेला भाग, म्हणजे खरोखर पाय लावून पळण्याचा, तिथेही मराठीनं दोन शब्द ठेवले आणि त्यांच्यात बऱ्या-वाइटाची सीमा आखली. धावणारा कुणाकडे तरी जात असतो आणि पळणारा कुणापासून तरी. संकटात माणूस देवाचा धावा करतो, देव धावून येतो, शेजारी मदतीला धावतात. पळून जातो तो चोर, पळ काढतो तो भित्रा, पळवाट शोधतो तो वकिलाचा अशील. 'पळवणे' म्हटलं की सरळ पोलीसठाणं आठवतं. रिक्षाचं मीटर 'धावतं' असं कुणी म्हणत नाही, ते 'पळतं', कारण त्यात आपल्या खिशाची तक्रार आहे. दोघांना एकत्र बांधून केलेला 'धावपळ' हा शब्द म्हणूनच इतका खरा वाटतो. त्यात माणूस एकाच वेळी कशाच्या तरी मागे असतो आणि कशाच्या तरी पुढे. त्या नातवानं 'रंग पळू शकतात' म्हटलं तेव्हा दुकानदाराला जे हसू आलं ते ह्यामुळेच. पळण्यात गुन्हा आहे. रंगावर आळ आला.

निवडणुकीत तर एकाच इंग्रजीची दोन घरं दोन बाजूंना गेली आहेत. अमेरिकेतला उमेदवार 'रन' होतो, इंग्लंडातला 'स्टँड' होतो. मराठी उमेदवार उभा राहतो, आणि उभा राहिलेला असल्यामुळे त्याला पुढे पडताही येतं. अमेरिकन बातमीचं घाईत मराठी करताना 'अध्यक्षपदासाठी धावत आहेत' असं कुठेतरी छापून येतं ते ह्या गोंधळातून. आपल्याकडे धावतात ते कार्यकर्ते.

रेल्वेनं मात्र 'धावणे' जसंच्या तसं उचललं. नाशिकरोड स्थानकावर उभं राहून ऐकावं: अमुक गाडी निर्धारित वेळेपेक्षा चाळीस मिनिटं उशिरानं धावत आहे. गाडी बहुधा तेव्हा कुठल्याशा सिग्नलला शांत उभी असते, पण भाषेत धावत असते. फलाटावरचा माणूस तेच बाकावरच्या शेजाऱ्याला सांगतो, 'लेट आहे.' रेल्वेच्या आत हे धावणं आणखी मुरलेलं आहे. इंजिन चालवणारे लोको पायलट आणि गाडीमागचे ट्रेन मॅनेजर (२०२२ पर्यंत त्यांना गार्ड म्हणत) ह्यांना 'रनिंग स्टाफ' म्हणतात, त्यांना पगाराबरोबर 'रनिंग अलाउन्स' मिळतो, आणि ड्यूटी संपली की ते जिथे झोपतात ती खोली 'रनिंग रूम'. इगतपुरीला ही नावं रोजच्या बोलण्यातली आहेत. कसाऱ्याहून वर येणाऱ्या थळ घाटात चढ एकास सदतीस आहे, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आगगाडीसाठी हा चढ भारी आहे, म्हणून जड गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. त्या घाटातून गाडी काढून आलेला माणूस पडदे ओढून, पंखा लावून झोपतो ती जागा धावण्याच्या नावाची. तिथे कुणी मोठ्यानं बोललं तरी खपत नाही.

'रन'ला मागे एक छोटं शेपूट लागलं की सगळं पालटतं, आणि त्यातलं सगळ्यात फसवं शेपूट 'आउट'. 'द मिल्क हॅज रन आउट' हे वाक्य पहिल्यांदा वाचणाऱ्याला दूध पातेल्याबाहेर आल्यासारखं वाटतं. ते ऊतू गेलेलं नसतं, संपलेलं असतं. ऊतू जायला इंग्रजीत 'बॉइल ओव्हर' आहे. आणि वाक्य फिरवून माणूस पुढे आणला, 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क', तर तोच अर्थ राहतो, पण मध्ये 'ऑफ' आलाच पाहिजे. तो गाळला की काहीतरी घडतं पण दूध त्यात नसतं. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर, जिथे क्रिकेट खेळतात, तिथे 'रन आउट' म्हणजे धावबाद. क्रिकेटच्या 'रन'ला मराठीनं 'धाव' दिली आणि ती इतकी रुळली की चेंडू सीमेपार गेल्यावर कुणीच धावलेलं नसताना चार धावा होतात ह्याचं नवल वाटत नाही. त्या धावा आपण 'काढतो', विहिरीतून पाणी काढावं तशा.

तिसरं 'रनआउट' अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये आहे आणि तिथे दूधही नाही, चेंडूही नाही. लेथवर धरलेला दांडा फिरताना मध्यापासून किती झोकांड्या खातो त्याचं ते माप. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडणाऱ्या जबड्यांत, दांडा धरायचा, डायलची सुई त्याच्या अंगाला हलकेच टेकवायची, डायल शून्यावर आणायचा आणि चक हातानं एक पूर्ण फेरा सावकाश फिरवायचा. काटा जास्तीत जास्त आणि कमीत कमी जिथे गेला त्यातला फरक म्हणजे रनआउट. नवखा पोरगा इथे दोन ठिकाणी फसतो. एक, दांडा मध्यापासून दोन शतांश मिलिमीटर सरकलेला असेल तर डायल चार दाखवतो, कारण एका बाजूला तो दोननं जवळ येतो आणि दुसऱ्या बाजूला दोननं लांब जातो. पोरगा चार सरकवायला जातो आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच चूक करून ठेवतो. दोन, चकच्या जबड्यात लोखंडाचा बारीकसा चुरा अडकलेला असतो. जबडे ब्रशनं न झटकता दांडा पकडला की रनआउट येतोच, आणि मग बिचाऱ्या दांड्याला वाकडा ठरवतात. जुने फिटर डायलला हात लावण्याआधी जबड्यांवर फुंकर मारतात ते उगाच नाही.

'रन'ची मराठीतली सगळ्यात धडधाकट वस्ती मात्र सुतार आणि मार्बलवाल्यांकडे आहे. 'रनिंग फूट.' पाय नाही, पाणी नाही, यंत्र नाही. ओट्याची लांबी एका ओघात मोजत जायची एवढाच अर्थ, आणि तो मूळ 'रिन्नान'च्या इतका जवळ की कोशकारानं टाळी द्यावी. कपाटाचा दर चौरस फुटानं लागतो, ओट्याचा, कठड्याचा, स्कर्टिंगचा रनिंग फुटानं. चौरस फुटात रुंदी मोजली जाते, रनिंगमध्ये ती आधीच ठरवून दरात मिसळलेली असते. ओट्याला साधारण दोन फूट. भांडण होतं ते काटकोनातल्या ओट्यावर. समजा एका भिंतीला दहा फूट आणि दुसऱ्या भिंतीला सहा फूट ओटा आहे, रुंदी दोन फूट. मिस्त्री भिंतीकडून टेप धरतो, दहा आणि सहा, सोळा. घरमालक ओट्याच्या पुढच्या कडेनं धरतो, आठ आणि चार, बारा. दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांचंही चुकतं. कोपऱ्यातला दोन बाय दोनचा चौकोन मिस्त्रीच्या हिशेबात दोनदा आला आणि मालकाच्या हिशेबात एकदाही आला नाही. तो एकदा धरला की चौदा. दगड किती लागला हे बघायचं तर तेच खरं, कारण अठ्ठावीस चौरस फूट भागिले दोन. ही बोलणी दगड कापायच्या आधी झालेली बरी. नंतर 'रनिंग' शब्दाचा अर्थ कुणालाच आठवत नाही.

एवढं सगळं वाचून एखाद्याला वाटेल, ही इंग्रजी म्हणजे काय अजब भाषा, एका शब्दाला इतकी कामं. त्यानं मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला 'लागणे' शिकवून बघावं. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो. नोकरी लागते तेव्हा पेढे वाटतात आणि नाद लागतो तेव्हा घरचे काळजी करतात. दोन तास लागतात, शंभर रुपये लागतात, मामा नात्यानं कोण लागतात तेही विचारतात. आंबा झाडाला लागतो आणि तिखट जिभेला. सीबीएस बसस्थानकावर 'कसाऱ्याची गाडी लागली का?' ह्याचा अर्थ बस फलाटाला येऊन उभी राहिली का, आणि तीच बस घाटात वळणं घ्यायला लागली की मागच्या सीटवरच्या बाईंना 'गाडी लागते', मग खिडकीची जागा आणि लिंबू शोधावं लागतं. ह्या सगळ्यांत एक स्पर्श आहे. काहीतरी येऊन कशाला तरी भिडलं, मग ते सुख असो, खर्च असो, की घाट. 'रन'मध्ये ओघ आहे तसा 'लागणे'त संपर्क आहे. इंग्रजी पट्टीनं त्या दुकानात रंग कसा निघाला ते सांगितलं. तो कुठे पोचला ह्याबद्दल ती गप्प होती, आणि पोराचा प्रश्न नेमका तोच होता.

आजी तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, पांढऱ्या रुमालाचं एक टोक ओलं केलं आणि लाल चादरीची शिवण उलटी करून आतल्या बाजूला, जिथे रंग दाट असतो आणि ऊन लागलेलं नसतं, तिथे ते टोक बोटानं दाबून घासलं. कापडाच्या प्रयोगशाळेत हीच परीक्षा यंत्रावर करतात, आधी कोरड्या आणि मग ओल्या पांढऱ्या तुकड्यानं, दहा वेळा मागेपुढे, आणि उमटलेल्या डागाला एक ते पाच गुण देतात. पाच म्हणजे डागच नाही. आजींनी मोजलं नाही, पण दहाएक वेळा घासलंच असेल. मग रुमाल नातवापुढे धरला. टोकावर चिंचोक्याएवढा गुलाबी डाग होता.

'हे बघ, इथे येतो,' त्या म्हणाल्या. 'लागतो.'

दुकानदारानं लाल चादर घडी घालून बाजूला सारली आणि 'मग ती फिकी पिवळी दाखवू का, काकू?' असं विचारत शिडी ओढली. नातू त्या डागाला स्वतःचं बोट लावून बघत होता.